मॅडमची खोबणीतली बस

मॅडम बसमध्ये चढल्या की दाराजवळचा दांडा दोनदा थोपटायच्या, बैलाची पाठ थोपटावी तसा. मग थेट पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे उभ्या राहायच्या. जागा रिकामी असली तरी उभ्याच. एखाद्या शहाण्या मुलानं उठून जागा दिली तर म्हणायच्या, "बस बाबा तू. मला याचे हात बघायचेत." याचे म्हणजे ड्रायव्हरचे. मग अंधेरी येईपर्यंत त्या माणसाचे हात बघत राहायच्या आणि मधेच म्हणायच्या, "काय हो, खांदा दुखतो ना रात्री?" बिचारा ड्रायव्हर दचकून आरशात बघायचा.

त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी अजून बस थांब्यापासून चार हात लांब उभी राहिली की मला त्यांचा तो चिडलेला "च्यक्" ऐकू येतो.

अंधेरी पूर्वेला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, मसाल्याच्या गोदामाच्या वर आमचं ऑफिस होतं. शहरातल्या रस्त्यांचे, वाहतुकीचे आराखडे करून सरकारी कार्यालयांना द्यायचे, हे आमचं काम. खाली मिरची कुटायला लागली की वर सगळे शिंकायचे. पाहुणे आलेले असले की साहेब, म्हणजे आमचे मालक, ओशाळायचे. मॅडम मात्र रुमाल नाकाला लावून तशाच बोलत राहायच्या. आराखड्यांचं सगळं काम त्यांच्या हाताखाली चालायचं. सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी आणि झोळीत कायम मोजपट्टी. आम्ही वडापाव खायला थांबलो की त्या फुटपाथची उंची मोजून घ्यायच्या.

मी कांदिवलीहून मुलाखतीला गेले तेव्हा नुकतीच इंजिनीअर झाले होते. माझ्या फायलीला त्यांनी हातही लावला नाही. टेबलावर खेळण्यातली लाल बस ठेवली आणि म्हणाल्या, "डोळे मिट आणि ही त्या टोकापर्यंत ने."

मी नेली. बस वाकडी जाऊन त्यांच्या चहाच्या कपाला धडकली. कप पडला. त्यांनी शांतपणे फडक्यानं टेबल पुसलं, स्टीलच्या दोन लांब पट्ट्या उभ्या करून बसच्या दोन्ही अंगांना पुस्तकांचे टेकू देऊन बसवल्या आणि म्हणाल्या, "आता परत मिट."

या वेळी बस सरळ गेली.

"कळलं?"

"हो, मॅडम."

"मग सोमवारपासून ये."

त्यांचं आयुष्यभराचं वेड ते एवढंच होतं. त्या त्याला खोबणीतली बस म्हणायच्या. रस्त्याच्या मधोमध बसपुरती जागा राखायची. तिच्या दोन्ही अंगांना गुडघ्याच्या खाली येतील अशा सिमेंटच्या भक्कम कडा बांधायच्या. बसच्या पुढच्या चाकांपाशी दोन लहान आडवी चाकं लावायची. ती कडांना टेकून पळतात आणि बसला सरळ ठेवतात. ड्रायव्हरनं स्टिअरिंग वळवायचंच नाही, वेग आणि ब्रेक तेवढा सांभाळायचा. बस डावीउजवीकडे हलत नाही, म्हणून जागा कमी लागते. खाली चाकांपुरते दोन पट्टे, मधे पोकळी, त्यामुळे हौसेनं आत शिरलेल्या मोटारीचं चाक खाली जाऊन अडकतं. आणि खोबण संपली की तीच बस बाहेर पडून साध्या रस्त्यानं वस्तीत जाते. माणसाला उतरून दुसरं काही पकडावं लागत नाही. जगात काही गावांत अशा बस आहेत. घाटकोपर ते मुलुंड अशी एक असावी, हे मॅडमचं म्हणणं.

आता असं वेड असलेलं माणूस दुसऱ्याला तेच तेच चांगलं सांगत सुटतं. मॅडमचं उलट होतं. कुणी कशाबद्दलही मत विचारलं की त्या म्हणायच्या, "आधी तोटे सांगते. फायदे सांगायला बाकीचे आहेत." ऑफिसात कुणी नवी साडी नेसून आली तरी हेच. माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणारे सासरे मुलीची चौकशी करायला ऑफिसात आले. मी पडद्यामागे उभी. मॅडम त्यांना म्हणाल्या, "चिडते लवकर. सकाळी उठवत नाही तिला. आणि स्वयंपाकाचं म्हणाल तर मी तिचा डबा खाल्लाय." मला तिथल्या तिथे रडू फुटलं. मग फायदेही सांगितले त्यांनी, पण ते ऐकायला मी तिथे थांबलेच नव्हते. लग्न झालं. पुढे सासरे हसत म्हणाले, "बाकी सगळे इतकं गोड बोलत होते की मला शंकाच यायला लागली होती. तुमच्या मॅडमनी माझा जीव मोकळा केला."

त्यांच्या मुलुंडच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती नकाशे पोचवायला. बेल वाजवली तर आतून खटखट असा आवाज येऊ लागला आणि बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं ते पन्नाशीच्या एका गृहस्थांनी. दोन्ही काखांत कुबड्या, पायांना आधाराच्या लोखंडी पट्ट्या, कॅलिपर. लहानपणी पोलिओ झालेला मॅडमचा धाकटा भाऊ. मॅडमना भाऊ आहे हे ऑफिसात कुणाला माहीतच नव्हतं. खिडकीपाशी टेबल टाकून ते घड्याळं दुरुस्त करायचे. गल्लीतले लोक घड्याळं आणून द्यायचे आणि घेऊन जायचे.

"तू त्या खोबणीवाल्यांतली का?" त्यांनी विचारलं. "बस. आमची ताई परदेशात गेली होती ते सांगितलं का तुला? आत्तेबहिणीकडे, चांगली महिनाभर. आल्यावर मी म्हटलं, राजवाडा पाहिलास? नाही. समुद्र? नाही. रोज सकाळी डबा घेऊन बसमध्ये जाऊन बसायची! बहीण रडकुंडीला आली. आणि फोटो कसले आणले, तर चाकाचे."

"दाराचेही आणलेत, बाळ्या," मॅडम स्वयंपाकघरातून ओरडल्या.

हात पुसत बाहेर आल्या आणि तो फोटो त्यांनी मला दाखवला. फलाटासारखा उंच थांबा, त्याला अगदी चिकटून उभी असलेली बस, आणि चाकाच्या खुर्चीतली एक म्हातारी कुणाचाही हात न धरता सरळ आत जाते आहे.

"मधे बोट जाणार नाही बघ," मॅडम म्हणाल्या. "खोबणीतली बस दर वेळी तिथेच थांबते. ड्रायव्हर चांगला असो, वाईट असो, घरी भांडून आलेला असो. त्याच्या मर्जीवर काही राहत नाही."

बाळ्याकाकांनी, मी त्यांना पुढे तेच म्हणायला लागले, फोटोकडे बघितलंही नाही. ते भिंगातून एका घड्याळात बघत होते. बघता बघताच मला म्हणाले, "मी बसमध्ये चढायचो पूर्वी. एकदा बस भर रस्त्यात थांबली. कंडक्टर आणि एक जण, दोघांनी मला काखेत धरून वर उचललं, पोत्यासारखं. एक पाय आत, एक बाहेर, आणि बस सुटली. पडलो. लागलं फार नाही. पण मग नको वाटलं."

"रिक्षा?" मी विचारलं.

"रिक्षात हा पाय आत घ्यायला ताई लागते. ताई लागली की मग ते माझं जाणं नाही गं, नेणं झालं."

मॅडम परत आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

घाटकोपर-मुलुंडचा आराखडा आम्ही केला तेव्हा मॅडम एखाद्या लग्नघरासारख्या धावपळीत असायच्या. मधला एक थांबा त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर होता. त्या कोपऱ्याचं रेखाचित्र त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिलं नाही. काम पुढे सरकलं, सरकारी कार्यालयातल्या वरिष्ठांना पसंत पडलं, आणि लोकांची सुनावणी ठरली. भांडुपच्या बाजूला रस्त्यालगत एक जुनं गावठाण आहे, तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये. घरं रस्त्याच्या अलीकडे, आणि चर्च, मासळीबाजार, दफनभूमी सगळं पलीकडे.

आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावून हात जोडले. "मॅडम, उद्या फक्त फायदे. तोट्यांचं कुणी विचारलं तर बघू. हे मंजूर झालं तर आपल्याला पुढची दहा कामं मिळतील."

मॅडम काही बोलल्या नाहीत. आम्ही समजलो, कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. समोर टेबलाशी मुख्य अधिकारी. मॅडम उठल्या, माइक जरा लांब केला आणि म्हणाल्या, "आधी तोटे सांगते."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"खोबणीत एक बस बंद पडली की मागच्या सगळ्या अडकतात. बाजूनं काढता येत नाही. जोराचा पाऊस झाला की खोबणीत पाणी साठणार, ते उपसायची सोय आधी करावी लागेल. रुग्णवाहिका किंवा बंब आत घालता येणार नाही. आणि एकदा बांधलं की मार्ग बदलता येत नाही, तोडावंच लागतं." मग त्यांनी फायदे सांगितले, छोटी बस पट्ट्यांतून चालवून दाखवली. लोक हसले, टाळ्याही पडल्या. एक रिक्षावाला उभा राहून म्हणाला, "मॅडम, आपली तर वाट लागली ना मग!" त्यावरही लोक हसले. माझ्या मनात आलं, झालं, जिंकलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी काठी टेकत उठली. फुलाफुलांचा झगा, गळ्यात क्रूस. तिला कुणीतरी माइक द्यायला गेलं तर तिनं तो हातानं बाजूला सारला.

"बाय," ती मॅडमना म्हणाली, "तुझी बस चांगली हाय. माझा नवरा पलीकडं निजलाय. मी रोज सकाळी त्याला मेणबत्ती लावायला जाते. ही तुझी भिंत मधी आली का मी कुठून जाऊ?"

"भिंत नाही आजी, कड आहे," आमचे साहेब पटकन म्हणाले. "आणि पूल असणार. पादचारी पूल."

"जिना?"

"हो."

म्हातारीनं काठी वर करून दाखवली आणि ती हसली. रागावली नाही, नुसती हसली. "जिना चढाला यायचा तवा मला बसच नको होती, बाबा."

मुख्य अधिकाऱ्यांनी मॅडमकडे बघितलं. "मॅडम, इथे सपाटीवर रस्ता ठेवता येईल?"

"एखाद्या ठिकाणी ठेवता येतो," मॅडम म्हणाल्या. "पण इथे प्रत्येक गल्लीचं तोंड रस्त्यावर आहे. माणसं सगळीकडून ओलांडतात. इतक्या ठिकाणी खोबण तोडली तर ती खोबण राहत नाही. आणि नाही तोडली तर हे गाव दोन होईल."

"मग तुमचं काय मत? करावं की नाही?"

मॅडमनी ती लाल बस उचलून झोळीत टाकली. "या रस्त्यावर नको," त्या म्हणाल्या.

ऑफिसला परत येताना आम्ही दोघी बसनंच निघालो. त्या दिवशी मॅडम मिळाली त्या सीटवर बसल्या. घाटकोपर मागे पडलं. मग म्हणाल्या, "मी नकाशावर तो रस्ता एक रेघ म्हणून बघत होते गं. पलीकडे कुणाचा नवरा पुरलेला असेल हे डोक्यातच आलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बाळ्याला काय सांगू?"

काय सांगितलं ते मला कळलं नाही. पण आठवड्यानं ऑफिसात म्हणाल्या, "बोलत नाही तो माझ्याशी. 'म्हणजे माझं राहिलं,' एवढंच म्हणाला." मला वाटलं होतं बाळ्याकाका समजून घेतील, मोठेपणानं काहीतरी बोलतील. ते रागावले होते. त्यांनी रागवावं यात काही गैर होतं असं मला आज वाटत नाही.

आमच्या हातून ते काम गेलंच. साहेब मॅडमना एक शब्द बोलले नाहीत, पण पुढे त्यांच्या टेबलावर नकाशे यायचे थांबले. सकाळी येऊन त्या रिकाम्या टेबलाशी शेंगदाणे खात बसायच्या. एके दिवशी झोळी उचलून म्हणाल्या, "येते गं," आणि गेल्या.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी मला फोन. "रविवारी मुलुंडला ये. जुने बूट घालून ये."

गेले तर मॅडम कोपऱ्यावरच्या रस्त्यावर सिमेंटच्या धुळीत उभ्या. सुनावणीला हजर असलेला महापालिकेचा एक कनिष्ठ इंजिनीअर सोबत. रस्ता काँक्रीटचा करायचं काम निघालं होतं आणि फुटपाथच्या कडा नव्यानं घालायच्याच होत्या. त्या इंजिनीअरनं मॅडमना गाठून विचारलं होतं, "थांब्यापाशी कड कशी घालू ते तुम्ही सांगा, मॅडम. घालायची तर आहेच."

मॅडमनी अख्खी खोबण सोडून दिली होती आणि तिचं फक्त एक टोक ठेवलं होतं. बस साध्या रस्त्यानंच येणार, पण थांब्यापाशी कड उंच आणि तिची आतली बाजू तिरकी, गुळगुळीत. ड्रायव्हरनं चाक हलकेच त्या कडेला टेकवायचं. टायर घासत घासत सरकतो, कापला जात नाही आणि बस फुटपाथला चिकटून उभी राहते. त्यांच्या घरापासून मंडईपर्यंतचे मोजके थांबे तसे झाले. त्या मार्गावर बुटक्या पायरीच्या बसही मिळाल्या.

पण ड्रायव्हर टायर टेकवायला तयार होईनात. सगळी नोकरी फुटपाथपासून टायर लांब ठेवण्यात गेलेली. मॅडम प्रत्येकाच्या मागे उभ्या राहून सांगायच्या, "टेकव. टेकव रे. घाबरू नकोस, मी आहे." एकजण म्हणाला, "मॅडम, टायर फाटला तर माझ्या नावावर." मॅडम खाली उतरल्या, रस्त्यावर उकिडव्या बसल्या आणि चाकाजवळ तोंड नेऊन ओरडल्या, "ये! मी बघतेय!" बस करकरत आली आणि टेकली. मॅडम उठल्या आणि त्यांनी फटीत बोट घालून बघितलं. गेलं नाही. त्या ड्रायव्हरला त्यांनी भर रस्त्यात मिठी मारली.

याचाही तोटा त्यांनी मला लगेच सांगितला. खोबण असती तर तिथे कुणी शिरू शकलं नसतं. आता थांब्यासमोर रिक्षा उभ्या राहणार, टेम्पो लागणार, आणि मग बस पुन्हा भर रस्त्यात. तसं झालंही. मॅडम संध्याकाळी छत्री घेऊन थांब्यावर जायच्या आणि रिक्षावाल्यांशी भांडायच्या. ते त्यांना लांबून बघून म्हणायचे, "आली रे आली, चल काढ." दहातल्या सहा बस नीट लागल्या तर तो त्यांचा चांगला दिवस.

ते थांबे आज नाहीत. मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणला तेव्हा गेले. पुन्हा कड घातली ती साधी, सरळ. मॅडम तोवर गेल्या होत्या, हे एक बरं झालं. बाळ्याकाका पुण्याला भाच्याकडे राहायला गेले.

पण मला मॅडमबद्दल सांगायचं असलं की मी त्या खोबणीचं किंवा सुनावणीचं सांगत नाही. एका संध्याकाळचं सांगते. मी सहज मुलुंडला गेले होते. मॅडम घरी एकट्या. खिडकीपाशी टेबलावर घड्याळं उघडी पडलेली, खुर्ची रिकामी.

"काका कुठे?"

"मला काय विचारतेस?" मॅडम फणकाऱ्यानं म्हणाल्या. "पहिल्या दिवशी मी सोबत निघाले तर म्हणाला, तू घरी थांब. मी गॅलरीतून बघत होते. बस लागली, हा आत गेला, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आता रोज जातो. दुपारचं खाऊन जो निघतो तो काळोख पडेपर्यंत पत्ता नाही. मंडईत कोणी मित्र जमवलेत. पत्ते खेळतात म्हणे. विचारलं तर उत्तर देत नाही."

त्या सारख्या गॅलरीत जात होत्या आणि येत होत्या. आत कुकर झाला होता, पोळ्या झाकून ठेवल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी झडप घालून घेतला. पलीकडचा आवाज मला ऐकू आला नाही. त्या नुसतं "बरं," म्हणाल्या, पुन्हा "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"काय झालं, मॅडम?"

"म्हणतोय, मला उशीर होईल, तू जेवून घे." त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. "आजवर कधी म्हणाला नव्हता गं. कुठून म्हणणार? घरातच तर असायचा."

मग स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन ताटं घेऊन आल्या.

"बस तू," मला म्हणाल्या. "गरम आहे तोवर जेवून घेऊ आपण."